फिरत्या कुदळीचे जनक आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड

महाराष्ट्रातील एखाद्या शेतकऱ्याला आज विचारावे की पेरणीपूर्वी रान कसे तयार करणार, तर तो सहज सांगतो की रोटाव्हेटर मारून घेणार. कोणी त्याला नुसते रोटर म्हणतात. हा शब्द मराठीत आता इतका रुळला आहे की नांगर, कुळव आणि वखर यांच्या पंक्तीला तो जाऊन बसला आहे. परंतु हा शब्द कोठून आला, त्यामागे कोणाची बुद्धी आणि कोणाचे कष्ट आहेत, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ज्यांच्या यंत्राचे नाव गावोगावच्या शेतकऱ्यांच्या तोंडी आहे, त्यांचे स्वतःचे नाव मात्र मागे पडले. त्या आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड यांचा परिचय आज वाचकांना करून द्यावयाचा आहे.

या लेखाचे निमित्त मात्र महाराष्ट्रात नव्हे, तर ऑस्ट्रेलियात मिळाले. मेलबर्न शहराच्या पश्चिमेस ट्रुगानिना नावाचे उपनगर आहे. आपल्या मॉरिशसमधून गेलेली पुष्कळ कुटुंबे मेलबर्नमध्ये स्थायिक झाली आहेत, आणि ट्रुगानिनात तर भारतीय वंशाच्या लोकांची मोठी वस्ती आहे. शाळेच्या सुट्टीत मी तेथे चुलतबहिणीकडे गेलो होतो. तिच्या शेजारी एक वृद्ध इटालियन गृहस्थ राहतात. त्यांचे सारे आयुष्य जवळच्या वेरिबी साउथ येथे भाजीपाला पिकविण्यात गेले. म्हातारपणी मुलाकडे राहावयास येताना त्यांनी शेतीवरील एकच वस्तू बरोबर आणली. ती म्हणजे मागे चालत हाकावयाचे हॉवर्ड यांच्या कारखान्याचे एक जुने यंत्र. रंग उडालेला, मुठींवरचे रबर झिजलेले, पण इंजिन ठणठणीत. दोरी गुंडाळून दोनतीन हिसके दिले की ते धडधडू लागते.

बहिणीला परसात मेथी, कोथिंबीर आणि मिरची लावावयाची होती. त्या गृहस्थांनी तो तुकडा एका सकाळी नांगरून दिला. यंत्र चालू करण्यापूर्वी त्यांनी दोन गोष्टी केल्या. पहिली म्हणजे तासभर वाकून वरवरचे सारे दगड वेचून बादलीत भरले. दुसरी म्हणजे मूठभर माती उचलून ती घट्ट दाबली, मग बोटाने फोडून पाहिली. हे झाल्यावरच त्यांनी दोरी ओढली. त्यांनी हे का केले, ते पुढे येईलच.

दगडांचे तीन प्रदेश

ट्रुगानिना हे नाव टास्मानियातील ट्रुगानिनी या आदिवासी स्त्रीवरून पडले आहे. ती १८७६ साली वारली. आज येथे नव्या घरांच्या रांगा दिसतात, पण काही दशकांपूर्वी हे उघडे माळरान होते. मेंढ्या चरत, गवत कापून त्याच्या गंजी लावल्या जात, आणि शेतांच्या कडेने दगडांचे गडगे उभे असत. कोकणातून आलेल्या आपल्या पूर्वजांनी ते गडगे पाहिले असते, तर त्यांना ते परके वाटले नसते. १९६९ सालच्या जानेवारीत लागलेल्या वणव्यात जुनी वस्ती बरीचशी जळून गेली. त्यानंतर कित्येक वर्षांनी येथे शहर पसरत आले.

हे गडगे ज्या काळ्या दगडाचे आहेत, तो ज्वालामुखीचा दगड आहे. महाराष्ट्राचे पठार याच दगडाचे बनलेले आहे. आपले मॉरिशस बेटही त्याचेच. उसाच्या शेतांतून वेचून रचलेले काळ्या दगडांचे प्रचंड ढीग आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत. १८३४ सालापासून गिरमिटावर आलेल्या मजुरांनी ते दगड हातांनी उचलले. त्यांच्या हातात होती ती कुदळ, जिला आपल्याकडे क्रिओलमध्ये पियोश म्हणतात. तिने खड्डे खणले, तिनेच तण काढले आणि तिनेच उसाला भर दिली. सपाट, मोठ्या शेताला पुढे यंत्रे मिळाली. परंतु ज्याच्याजवळ अर्धा किंवा पाव आर्पां जमीन, त्याच्या हाती कुदळच राहिली. जगभर हीच स्थिती होती. लहान तुकड्याकडे यंत्रे बनविणाऱ्यांचे लक्ष सहसा जात नसे.

ट्रुगानिनापासून थोड्याच अंतरावर याचे उत्तम उदाहरण आहे. तेथील सनशाइन या गावाला ते नाव ह्यू व्हिक्टर मॅके यांच्या कारखान्यावरून १९०७ साली मिळाले. मॅके यांनी गव्हाची कापणी व मळणी एकाच फेरीत करणारी यंत्रे बनविली आणि फार मोठा उद्योग उभा केला. त्याच वर्षी त्यांच्या कारखान्याच्या संदर्भात न्यायमूर्ती हिगिन्स यांनी निवाडा दिला की, अकुशल मजुरालाही कुटुंब पोसता येईल इतके, म्हणजे दिवसाला ७ शिलिंग, वेतन मिळाले पाहिजे. हा निवाडा ऑस्ट्रेलियाच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. पण मॅके यांची ती यंत्रे होती विस्तीर्ण गहूशेतांसाठी. भाजीच्या वाफ्यात त्यांचा काय उपयोग? तेथे वेगळ्या माणसाची गरज होती.

गिलगँड्राचे शेत

क्लिफर्ड हॉवर्ड यांचा जन्म १८९३ साली न्यू साउथ वेल्समधील क्रुकवेल येथे झाला. क्रुकवेलचा परिसर थंड हवेचा आणि बटाट्याच्या पिकासाठी नावाजलेला आहे. पुढे त्यांच्या वडिलांची शेती गिलगँड्रा येथे होती. हा भाग राज्याच्या आतल्या बाजूला, गव्हाच्या टापूत येतो. तरुण हॉवर्ड यांनी यंत्रकामाची उमेदवारी केली. म्हणजे एका अंगाने शेतकऱ्याचा मुलगा आणि दुसऱ्या अंगाने कारागीर. माती कशी वागते हे त्यांना घरात कळले, आणि लोखंड कसे वागते हे कारखान्यात.

१९१२ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, त्यांनी वडिलांच्या शेतावर प्रयोग सुरू केले. प्रश्न असा होता. नांगर ही ओढण्याची वस्तू आहे. फाळ जमिनीत घुसतो, मातीचा पट्टा कापतो आणि पाखेवरून तो उलटा पडतो. हे काम बैलाने करावे, घोड्याने करावे किंवा इंजिनाने. ओढावे तर लागतेच. इंजिनाने ओढावयाचे तर चाकांची जमिनीवर पकड हवी, आणि पकड हवी तर यंत्र जड हवे. वाफेचे ट्रॅक्टर तर कित्येक टन वजनाचे असत. याचा परिणाम असा की, जी माती नांगराने मोकळी करावयाची, तीच चाकांखाली दाबली जाई. शिवाय फाळाचा तळ दरवर्षी त्याच खोलीवर घासत गेल्याने खाली एक घट्ट थर तयार होतो. त्यातून पाणी नीट उतरत नाही आणि मुळांना खाली जाता येत नाही.

हॉवर्ड यांनी या प्रश्नाकडे उलट बाजूने पाहिले. इंजिनाची शक्ती ओढण्यात खर्च करण्याऐवजी ती सरळ पात्यांनाच दिली तर? त्यांनी वडिलांच्या वाफेच्या ट्रॅक्टरच्या इंजिनावरून शक्ती घेऊन मातीत फिरणारी हत्यारे चालवून पाहिली. माती मोकळी झाली, आणि नेहमीच्या नांगरटीत ती जशी दाबली जाते तशी दाबली गेली नाही. पुढील साऱ्या कामाचे बीज या एका निरीक्षणात आहे.

पात्याचा आकार

पण कल्पना सुचणे आणि यंत्र चालणे यांत मोठे अंतर असते. सुरुवातीच्या यंत्रांत एक दोष होता. ती माती मागे न टाकता बाजूला फेकत. एका बाजूला चर आणि दुसऱ्या बाजूला ढीग, अशा रानात पेरणी कशी करणार? या एका दोषावर मात करण्यासाठी हॉवर्ड यांनी पुन्हा पुन्हा फेरबदल केले. अखेरीस जे सापडले ते दिसावयास अगदी साधे आहे. रोमन लिपीतील एल अक्षरासारखे, म्हणजे टोकाशी काटकोनात वाकविलेले पाते.

हे पाते कसे काम करते, ते पाहण्यासारखे आहे. एक लहान व्यासाचा आस घ्या. त्यावर ठरावीक अंतर सोडून चकत्या बसवा आणि प्रत्येक चकतीला अशी पाती जोडा. आस फिरू लागला की पात्याचा उभा भाग माती चिरतो आणि वाकलेला भाग खालून आडवा काप घेतो. सुटलेला मातीचा तुकडा मागे फेकला जातो, पत्र्याच्या आच्छादनावर आपटतो आणि फुटून भुसभुशीत होतो. काही पाती डावीकडे वाकलेली, काही उजवीकडे, म्हणून माती एका बाजूला जात नाही. आस लहान व्यासाचा असल्याने शक्ती कमी लागते. चकत्या दूर दूर असल्याने त्यांच्यात ओली माती आणि गवत अडकून बसत नाही. सारी पाती एकाच क्षणी जमिनीला लागू नयेत म्हणून ती मळसूत्रासारखी पुढेमागे बसवितात, त्यामुळे धक्का कमी बसतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पाती पुढच्या दिशेने फिरत असल्याने ती स्वतःच यंत्राला पुढे ढकलतात. त्यामुळे पकडीसाठी जड यंत्राची गरज उरत नाही. हलके यंत्र आणि मोकळी माती, दोन्ही एकदमच साधते.

कुदळीने खणणारा माणूस तरी काय करतो? उचलतो, आदळतो, मागे ओढतो. हॉवर्ड यांनी हीच क्रिया आसाभोवती गुंडाळली. ऑस्ट्रेलियात या यंत्राला रोटरी हो, म्हणजे फिरती कुदळ असेच म्हणतात. एका पात्याचा एक काप म्हणजे कुदळीचा एक घाव. तो मिनिटाला शेकडो वेळा पडतो, आणि पाठ वाकवावी लागत नाही.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. फिरत्या हत्याराने माती मोकळी करण्याचा विचार करणारे हॉवर्ड एकटेच नव्हते. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये कोनराड फॉन मेयेनबुर्ग यांनीही असे यंत्र तयार केले होते, आणि त्यांच्या परंपरेतील छोटी यंत्रे पुढे युरोप व अमेरिकेत गेली. पण सर्व प्रकारच्या शेतांत टिकून काम करील असे पाते घडविण्याचे आणि त्यावर जगभरचा उद्योग उभारण्याचे श्रेय हॉवर्ड यांच्याकडे जाते.

युद्ध, पेटंट आणि कारखाना

एव्हरार्ड मॅकक्लिअरी हे उमेदवारीच्या काळातील त्यांचे सोबती. दोघांनी मिळून यंत्र बनविण्यासाठी कंपनी काढली. तेवढ्यात १९१४ साली पहिले महायुद्ध पेटले आणि सारे बेत अर्ध्यावर राहिले. ज्या वयात माणूस आपल्या कल्पनेला हातपाय देतो, ती वर्षे युद्धाने घेतली. १९१९ साली हॉवर्ड ऑस्ट्रेलियात परत आले आणि जेथे काम सोडले होते तेथूनच त्यांनी ते पुन्हा हाती घेतले. पुढच्याच वर्षी, १९२० साली, तेलावरील इंजिनाने चालणाऱ्या फिरत्या कुदळीचे पेटंट त्यांनी घेतले. १९१२ ते १९२० अशी आठ वर्षे त्यात गेली.

मार्च १९२२ मध्ये त्यांनी ऑस्ट्रल ऑटो कल्टिव्हेटर्स नावाची कंपनी स्थापन केली. तीच पुढे हॉवर्ड ऑटो कल्टिव्हेटर्स म्हणून ओळखली जाऊ लागली. १९२७ पासून तिचा कारखाना सिडनीजवळच्या नॉर्थमीड येथे होता. फोर्डसन ट्रॅक्टरला जोडता येतील अशा फिरत्या कुदळी तेथे बनत. पुढे डीएच २२ नावाचा स्वतःचा ट्रॅक्टरही कारखान्याने काढला. परदेशातून आलेल्या ट्रॅक्टरवर अवलंबून राहणाऱ्या देशात ही लहान गोष्ट नव्हती.

नव्या अवजारावर शेतकऱ्याचा विश्वास बसणे किती कठीण असते, हे मराठी वाचकांना वेगळे सांगावयास नको. आपल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांची गोष्ट आपण जाणतोच. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिक्षक होते. ती नोकरी सोडून ते बेळगावला आले, सायकलींचे दुकान चालविले, कडबा कापण्याची यंत्रे केली आणि मग लोखंडी नांगर घडविला. लोखंडाने जमीन नासते, असा समज तेव्हा शेतकऱ्यांत होता. नांगर तयार होऊन पडून राहिले, तरी लक्ष्मणरावांनी धीर सोडला नाही. १९१० साली औंध संस्थानच्या राजेसाहेबांनी दिलेल्या माळरानावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. तिच्यानंतर दोनच वर्षांनी गिलगँड्राला हॉवर्ड यांचे प्रयोग सुरू झाले. एकाच्या डोळ्यांसमोर बैल होते, दुसऱ्याच्या समोर इंजिन. पण मातीला कमी त्रास देऊन माणसाचे कष्ट कसे कमी होतील, हा प्रश्न दोघांचा सारखाच होता.

लहान तुकड्यासाठी लहान यंत्र

हॉवर्ड यांच्या कामातील मला सर्वांत मोलाचा वाटणारा भाग हा आहे. त्यांनी सुरुवात गव्हाच्या मोठ्या शेतावर केली, पण ते तेथेच थांबले नाहीत. नांगर लहान केला की त्याला ओढणारे यंत्र हलके होते, आणि हलके झाले की त्याची पकड सुटते. म्हणून छोटा ओढणारा ट्रॅक्टर कठीण जमिनीत नुसती चाके फिरवीत बसतो. फिरत्या कुदळीचे तसे नाही. ती लहान केली तरी तिचे तत्त्व बदलत नाही. म्हणून त्यांच्या कारखान्यांतून मोठ्या यंत्रांबरोबरच, मुठी धरून मागे चालत हाकावयाची छोटी यंत्रेही निघाली. फळबागेच्या दोन ओळींमधून, भाजीच्या वाफ्यातून, घरामागच्या परसातून ती जाऊ शकत. ज्याच्याजवळ बैलजोडी ठेवण्याइतकी जमीन नाही, त्याच्यासाठी एकाच इंजिनाचा हा बैल होता. काम नसेल त्या दिवशी त्याला वैरण लागत नाही.

वेरिबी साउथच्या मळ्यांचा विचार केला की याचे महत्त्व कळते. वेरिबी नदीच्या मुखाजवळचा हा सुपीक पट्टा ट्रुगानिनाच्या दक्षिणेस आहे. तेथे पाटाचे पाणी आल्यावर जमिनीचे लहान लहान तुकडे झाले, आणि गेल्या शतकात इटलीतून आलेल्या कुटुंबांनी तेथे फुलकोबी, कोबी आणि सॅलडची पाने पिकविली. ही मंडळी हातात फारसे काही न घेता आली होती. अशा माणसाला वर्षातून तीनचार वेळा तोच वाफा पुन्हा तयार करावा लागतो. एक पीक निघाले की पाला गाडा आणि दुसरे लावा. जे काम कुदळीने कित्येक दिवस चालते, ते फिरत्या कुदळीने एका सकाळीत होते. उरलेले दिवस त्याचे स्वतःचे झाले. मुलाला शाळेतून काढून शेतावर आणण्याची गरज राहिली नाही, हा लाभ एक शिक्षक या नात्याने मला सर्वांत मोठा वाटतो. आपल्याकडे कितीतरी मुलांच्या वह्या कुदळीपायी बंद झाल्या. माझे आजोबा त्यांतलेच एक.

इंग्लंडला प्रयाण

यंत्रांची मागणी जगभरातून येऊ लागली. ऑस्ट्रेलियासारख्या दूरच्या देशातून ती पुरविणे अवघड होत गेले. तेव्हा हॉवर्ड स्वतः इंग्लंडला गेले आणि जुलै १९३८ मध्ये एसेक्स परगण्यातील ईस्ट हॉर्नडन येथे त्यांनी रोटरी होज नावाची कंपनी काढली. ते तेव्हा पंचेचाळीस वर्षांचे होते. त्या वयात माणसे स्थिरावतात. त्यांनी दुसऱ्या देशात नवा कारखाना काढला. पुढच्याच वर्षी दुसरे महायुद्ध सुरू झाले. पहिल्या युद्धाने त्यांचे काम थांबविले होते. या वेळी मात्र वेढल्या गेलेल्या ब्रिटनला आपले अन्न आपल्याच मातीत पिकविण्याची निकड होती, आणि बागा व मैदानेही लागवडीखाली येत होती.

या इंग्लिश कारखान्याच्या यंत्रांना रोटाव्हेटर हे नाव मिळाले. रोमन लिपीत हा शब्द डावीकडून वाचा की उजवीकडून, तो सारखाच राहतो. फिरणाऱ्या यंत्राला याहून समर्पक नाव मिळणे कठीण. पुढे अमेरिका, दक्षिण आफ्रिका, जर्मनी, फ्रान्स, इटली, स्पेन, ब्राझील, मलेशिया आणि न्यूझीलंड येथे शाखा निघाल्या. मूळ व्यापारचिन्ह हळूहळू सामान्य नाम झाले. भारतात ट्रॅक्टरच्या मागे जोडलेल्या अशा कोणत्याही यंत्राला, मग ते कोणत्याही कारखान्याचे असो, रोटाव्हेटरच म्हणतात. १९७१ साली हॉवर्ड यांचे निधन झाले. त्यांचा उद्योगसमूह १९८५ साली एका डॅनिश कंपनीने घेतला आणि २००० साली तो डेन्मार्कमधील दुसऱ्या समूहात गेला. मालकी बदलली, देश बदलले. वाकलेले पाते मात्र बहुतांशी तेच राहिले.

यंत्राचा दुसरा चेहरा

आता थोडे कटू सांगावयाचे आहे, कारण थोर माणसाचे चरित्र म्हणजे नुसती आरती नव्हे. जमीन दाबली जाऊ नये म्हणून जे यंत्र जन्मले, त्यानेच जमीन बिघडल्याच्या तक्रारी आज ऐकू येतात. महाराष्ट्रातील जाणते शेतकरी आणि शेतीतज्ज्ञ सांगतात की, वर्षानुवर्षे दरवेळी रोटाव्हेटरच फिरविला, तर पाती ज्या खोलीवर घासतात तेथे पुन्हा तसाच घट्ट थर बनतो. वरची माती पिठासारखी होते. पिठासारखी माती पावसाच्या पहिल्या सरीत लिंपली जाते, मग वाळून तिची पापडी होते आणि कोवळा अंकुर तिच्याखाली अडकतो. गांडुळे कमी होतात. आणि हराळी किंवा लव्हाळा असलेल्या रानात तर फारच सावध राहावे लागते. पाती हराळीचे तुकडे करतात आणि सगळीकडे पसरवितात. प्रत्येक तुकड्याला पुन्हा फुटवा येतो. एका बेटाची दहा बेटे होतात.

हा दोष पात्याचा म्हणावा की हाताचा? कुदळीने खणणारा माणूस दमतो. दमला की थांबतो, आणि तेवढाच जमिनीलाही विसावा मिळतो. यंत्र दमत नाही. म्हणून कोठे थांबावे हे आता माणसाने ठरवावे लागते. शक्ती वाढली की विवेकही वाढवावा लागतो, हे आपण मुलांना वर्गात शिकवितो. शेतात ते आपणच विसरतो.

त्या वृद्ध गृहस्थांनी यंत्र चालू करण्यापूर्वी जे केले, त्याचा अर्थ येथे उलगडतो. दगड वेचले, कारण ज्वालामुखीच्या दगडावर पाते आदळले तर ते मोडते, आणि दगड उडून हाकणाऱ्यालाही लागू शकतो. माती दाबून पाहिली, कारण वाफसा आहे की नाही हे समजून घ्यावयाचे होते. मुठीतला गोळा बोटाच्या धक्क्याने सहज फुटला तर वाफसा आला. चिकटून राहिला तर जमीन ओली आहे. अशा वेळी पाती माती फोडत नाहीत, लिंपतात. आणि ते नुकसान पूर्ण हंगामभर भरून येत नाही. धूळ झाली तर फार सुकली आहे. त्यांनी पहिली फेरी उथळ घेतली, दुसरी तिला आडवी आणि थोडी खोल. वळताना यंत्र अवघडून फिरवावे लागू नये म्हणून मधली एक एक पट्टी सोडून ते गेले आणि परत येताना राहिलेल्या पट्ट्या घेतल्या. सुपारीएवढी ढेकळे राहिली असतानाच त्यांनी इंजिन बंद केले. बहिणीला वाटले की आणखी एक फेरी मारली असती तर जमीन अगदी रवाळ झाली असती. त्यांनी मान हलविली आणि यंत्र पुसावयास घेतले.

हॉवर्ड यांनी १९१२ साली वडिलांच्या शेतात जे पाहिले, तेच हा जुना भाजीवाला आपल्या पद्धतीने पाहत होता. एकोणीस वर्षांच्या मुलाने आधी मातीकडे पाहिले आणि मग यंत्राकडे. ती दाबली जाते हे त्याला खुपले, म्हणून पाते जन्मले. आज यंत्र हाताशी आहे, पण मातीकडे पाहण्याचा तो पहिला भाग आपण गाळून टाकला, तर आपल्या हाती फक्त अर्धा हॉवर्ड आला असे म्हणावे लागेल.

आपल्या बेटावरील लहान शेतकऱ्यांची मुले आता इतर व्यवसायांत गेली आहेत आणि उसाचे कितीतरी तुकडे पडीक पडले आहेत. ट्रुगानिनातही शेताची जागा घरांनी घेतली आहे. तरीही घरामागे चार वाफ्यांची जागा बहुतेकांजवळ असते. तेथे एखादे जुने यंत्र चालवावे किंवा आजोबांची कुदळ. पूर्वजांनी ज्या मातीतून दगड वेचले, तिच्याशी संबंध ठेवण्यास तेवढी जागा पुरेशी आहे. काहीही चालवा, पण आधी मूठभर माती उचलून दाबून पाहावी.

बहिणीचे पत्र नुकतेच आले. मेथीची पहिली जुडी तिने शेजारी नेऊन दिली. त्या गृहस्थांना मेथी ठाऊक नव्हती. त्यांनी ती लसणीबरोबर परतून खाल्ली, आणि पुढच्या हंगामात वाफा आणखी एक हात रुंद करावा असे सुचविले आहे.